एकट्यानं धंदा करताय? मग हिशोबाचं सॉफ्टवेअर असं निवडा

"कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" असं सांगलीच्या गणपती पेठेत विचारलं तर टॅली, कुपवाड एमआयडीसीत विचारलं तरी टॅली, आणि यूट्यूबवर शोधलं तर ज्याची जाहिरात जोरात चालू असेल ते. पण तुमची महिन्याला बिलं किती होतात, पार्ट्या कुठल्या, रिटर्न कोण भरतं आणि रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर एन्ट्री मारणार कोण, हे कुणीच विचारत नाही. एकट्याच्या धंद्यात मालक तोच, माल पोचवणारा तोच, वसुलीला जाणारा तोच आणि अकाउंटंट पण तोच, त्यामुळं मोठ्या पेढीला शोभणारं सॉफ्टवेअर इथं बऱ्याचदा दोन महिन्यांत बंद पडतं आणि हिशोब परत वहीत आणि व्हॉट्सॲपवर जातो. म्हणून मी उलट्या बाजूनं जायला सांगतो. वर्षाच्या शेवटी आणि दर तीन महिन्याला बाहेर काय पडायला पाहिजे ते आधी ठरवायचं, मग आत काय टाकायचं ते, आणि सॉफ्टवेअरचं नाव एकदम शेवटी.

आधी जीएसटीत आपण कुठं बसतो ते बघा

हे सगळ्यात आधी, कारण निम्मा निर्णय इथंच होतो.

माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, सेवा देत असाल (डिझायनर, रिपेअरिंगवाले, क्लासवाले वगैरे) तर ही मर्यादा २० लाख. पण आपल्या सांगली-मिरजेच्या लोकांसाठी इथं एक खड्डा आहे. मिरजेतून निघालं की कागवाड, अथणी, उगार म्हणजे आपल्याला शेजारचं गाव वाटतं, पण कायद्याला ते दुसरं राज्य आहे, आणि दुसऱ्या राज्यात माल विकून पाठवायचा म्हटलं की साधारणपणे उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. सेवेला तसं नाही, तिथं २० लाखांची सूट दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. म्हणजे विश्रामबागेत घरी बसून बेळगावच्या हॉटेलचं मेन्यूकार्ड डिझाइन करणारा मोकळा, आणि अथणीच्या दुकानाला दहा किलो मसाला पाठवणारी ताई अडकली. तुमच्या गिऱ्हाइकात कर्नाटकवाले असतील तर सॉफ्टवेअरनं पार्टीच्या राज्यावरून आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) आपोआप लावलाच पाहिजे, हातानं निवडायला लागलं तर घाईत कधीतरी सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातला) लागतंच आणि मग दुरुस्तीचा कुटाणा.

दुसरा प्रकार कंपोझिशनवाले, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का भरून मोकळे होणारे. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीत व्यापारी आणि उत्पादकांना १ टक्का, दर तिमाहीला सीएमपी-०८ हा फॉर्म आणि वर्षातनं एकदा जीएसटीआर-४ हे रिटर्न. यांना टॅक्स इन्व्हॉइस देता येत नाही, 'बिल ऑफ सप्लाय' द्यावं लागतं आणि गिऱ्हाइकाकडून टॅक्स वेगळा घेता येत नाही. त्यामुळं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कंपोझिशनचा पर्याय आहे का एवढं बघायचं, बाकी ह्या लोकांनी फार भारी काही घेऊ नये.

तिसरा रेग्युलर. पाच कोटींच्या आत उलाढाल असली की क्यूआरएमपी (तिमाही रिटर्नची सोय) निवडता येतं, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आणि ३बी (टॅक्सचा गोषवारा देणारं रिटर्न) महाराष्ट्रात २२ तारखेपर्यंत. टॅक्स मात्र तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा पण महिन्याच्या महिन्याला भरायचा असतोय, हे बरेच जण विसरतात. ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं) पाच कोटींच्या वरच्यांना लागतं, तेव्हा कुणी ते फीचर म्हणून जादा पैसे सांगायला लागला तर गप्प ऐकून घ्यायचं आणि घ्यायचं नाही. ई-वे बिलाचं (माल वाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचं) पण तसंच, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात साधारण एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर ५० हजाराच्या वर, महिन्याला दोन-चार होत असतील तर सरकारी पोर्टलवर फुकटात होतात.

नोंदणीच नसेल तर? मग तुम्हाला बिलं, उधारी आणि खर्च एवढंच लागतंय. इन्कम टॅक्समध्ये अंदाजित नफ्याची सोय घेतली (सगळे अजून ४४ एडी म्हणूनच ओळखतात, उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या पैशावर ६ टक्के) तर इन्कम टॅक्ससाठी पूर्ण वह्या ठेवायची सक्ती पण नाही. पण वर्षाची उलाढाल नेमकी किती झाली हे कळायला पाहिजे ना, ४० लाखांची रेघ कधी ओलांडली हे मार्चमध्ये कळून उपयोग नाही.

टॅक्सवाल्यांना फोन करा, विकत घ्यायच्या आधी

लोक सॉफ्टवेअर घेतात, वर्षभर वापरतात आणि मग सीएंच्या ऑफिसात जाऊन पेनड्राइव्ह ठेवतात. तिथला मुलगा म्हणतो हे आमच्याकडं उघडत नाही, पीडीएफ द्या. मग त्या पीडीएफवरून तो टॅलीत परत सगळं टाइप करतो आणि त्याची फी तुम्ही भरता. म्हणजे एकच काम दोनदा, आणि दुसऱ्यांदा करताना चुका फुकट.

फोनवर फक्त तीन गोष्टी विचारायच्या. "साहेब, डेटा कशात दिला तर तुमच्याकडं सरळ जाईल?" बहुतेक उत्तर टॅली किंवा एक्सेल असं येणार. "जीएसटीआर-१ ची जेसन फाइल (सरळ पोर्टलवर चढते ती) मी काढून दिली तर चालेल का, का तुम्ही तुमच्याकडून करता?" आणि "फी त्यानं कमी होईल का?" तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका, एन्ट्री तुम्ही करणार असाल तर फीमध्ये फरक पडायला पाहिजे. काही ऑफिसं सरळ सांगतात की आम्ही टॅली सोडून काही बघत नाही. मग तुम्ही टॅली घ्याच असं नाही, पण जे घ्याल त्यातून टॅलीत जाईल अशी फाइल निघते का हे बघावं लागेल, आणि 'टॅली एक्सपोर्ट' असं लिहिलेलं बघून थांबू नका, महिन्याभराचा डेटा काढून त्या ऑफिसातल्या मुलाला पाठवा आणि त्याच्याकडं नीट चढला का ते विचारा. तो काय सांगतो त्याला जाहिरातीपेक्षा जास्त किंमत आहे.

आता तुमचा धंदा नेमका काय आहे

सेवा देणाऱ्यांचं सोपं असतं. स्टॉक नाही, महिन्याला दहा-पंधरा बिलं, खर्च लॅपटॉप, इंटरनेट, पेट्रोल. यांना तीन गोष्टी लागतात: दर महिन्याला तेच बिल आपोआप तयार होणं, किती दिवस झाले पैसे आले नाहीत हे दिसणं, आणि पार्टीनं टीडीएस (तुमच्या नावानं आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापून पैसे टाकले तर ती कापलेली रक्कम वेगळ्या खात्यात जाणं. हे तिसरं महत्त्वाचं. २०,००० चं बिल, बँकेत आले १८,०००, आणि सॉफ्टवेअरमध्ये २,००० येणं बाकी दिसतंय, तुम्ही पार्टीला फोन करताय, ती म्हणते टीडीएस कापलाय. पैसे जमा करतानाच 'टीडीएस' असा रकाना असला पाहिजे, म्हणजे वर्षाच्या शेवटी २६एएस (कापलेल्या टॅक्सचा सरकारी उतारा) बरोबर जुळवता येतं आणि रिफंड सुटत नाही.

कुपवाड, मिरज एमआयडीसीत एक-दोन मशिनवर जॉबवर्क करणाऱ्यांचं वेगळं. त्यांच्याकडं माल दुसऱ्याचा असतोय. आत किती नग आले, चलन नंबर काय, परत किती गेले, रिजेक्शन किती, हे सगळं चलनावर चालतं आणि बिल फक्त मजुरीचं. साध्या बिलिंग ॲपमध्ये हा माल तुमच्याच स्टॉकमध्ये धरला जातो आणि ताळेबंद भलताच फुगतो. 'मटेरियल इन, मटेरियल आउट' किंवा नुसतं डिलिव्हरी चलन तरी नीट निघतं का हे बघा. आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर तो नंबर बिलावर छापला गेला पाहिजे, कारण सूक्ष्म आणि लघु उत्पादक किंवा सेवावाल्यांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. नाही दिले आणि वर्ष संपलं तर घेणाऱ्या पार्टीला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. मार्चमध्ये "४५ दिवस उलटलेली बिलं" अशी यादी काढून पार्टीच्या अकाउंटंटला पाठवली की वसुलीला जी धार येते ती दहा फोननं येत नाही. (नुसत्या व्यापाऱ्यांना मात्र हा फायदा मिळत नाही.)

मिरजेत सतारी, तानपुरे करणाऱ्यांची अजून तिसरीच तऱ्हा. हातानं घडवलेली देशी वाद्यं जीएसटीतून मुक्त आहेत, पण दुरुस्तीची मजुरी ही सेवा, तिला ती सूट नाही. नोंदणी असेल तर एकाच गिऱ्हाइकाला तानपुरा पण दिला आणि जुन्या सतारीची जवारी पण काढून दिली (ही दुरुस्ती), तर मुक्त आणि करपात्र दोन्ही ओळी एका बिलात नीट दिसल्या पाहिजेत.

आणि हळद-मसालेवाले. इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. समजा तुम्ही मार्केट यार्डातनं १०० किलो हळकुंड १४० रुपयांनी घेतलं. १४,००० झाले. पट्टीवर (यार्डातल्या खरेदीच्या बिलावर) हमाली, तोलाई वगैरे मिळून समजा ४२० लागले. गिरणीत दळायला किलोला १२ प्रमाणं १,२००. दळून हातात आली ९६ किलो, बाकी घट. जीएसटी बाजूला ठेवू. एकूण खर्च १५,६२०, भागिले ९६, म्हणजे किलोला जवळजवळ १६३ रुपये. अजून पाउच आणि लेबल धरलेलं नाही. आता साध्या ॲपमध्ये तुम्ही खरेदी १४० नं टाकली, हमाली 'इतर खर्च' मध्ये टाकली आणि दळणावळ टाकायची राहूनच गेली, तर ते तुम्हाला किलोमागं २३ रुपये जास्त नफा दाखवतंय, आणि तुम्ही त्या आकड्यावर दुकानदाराला पाच टक्के डिस्काउंट कबूल करून बसता. शिवाय १०० किलो हळकुंडाचे २५० ग्रॅमचे ३८४ पाउच झाले हे सॉफ्टवेअरला सांगायची सोय पाहिजे. टॅलीत ह्याला मॅन्युफॅक्चरिंग जर्नल किंवा स्टॉक जर्नल म्हणतात, मोबाइल ॲपवाले त्याला मॅन्युफॅक्चरिंग नाहीतर असेंब्ली म्हणतात आणि बऱ्याचदा ते महागाच्या प्लॅनमध्येच असतं. डेमोवाल्याला "हळकुंड आत, पाउच बाहेर, मधी घट, हे करून दाखवा" एवढंच म्हणायचं. तो हे सोडून रंगीत ग्राफ दाखवायला लागला तर समजून जायचं.

बेदाण्याचं एक सांगून पुढं जातो. शेतकऱ्यानं स्वतःच्या द्राक्षाचा बेदाणा विकला तर त्याला जीएसटी नाही असा खुलासा जीएसटी कौन्सिलनं डिसेंबर २०२४ मध्ये केलाय. पण तासगावातनं बेदाणा विकत घेऊन पॅकिंग करून विकणारा म्हणजे व्यापारी. घरची बाग पण आहे आणि बाहेरचा माल पण घेता, अशी जोडी असेल तर दोन्ही माल वेगळे आयटम म्हणून ठेवा, एकाच नावानं नको.

आता नावं

टॅली प्राइम. सांगलीत त्याचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे येणारी माणसं. कुठल्याही गल्लीत टॅली शिकलेली पोरं सापडतात, सीए वापरतात, बँकवाले त्याचा ताळेबंद बघून ओळखतात. डेटा तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. विंडोज लागतं. पैसे एकरकमी द्यायचे म्हटले तर वीस हजाराच्या वर जातं, वर जीएसटी, आणि अपडेट चालू ठेवायला दरवर्षी वेगळे पैसे, नाहीतर महिन्याच्या भाड्यानं पण मिळतं. फुकट शिकायचा एज्युकेशनल मोड आहे, त्यात महिन्याच्या ठरावीक एक-दोन तारखांनाच एन्ट्री होते, पण हाताला बसतंय का हे बघायला तेवढं पुरतं. ज्याला जमा-नावे कळत नाही त्याला सुरुवातीला टॅली कोरडं वाटतं. हळद-मसाला, जॉबवर्क, किंवा ज्याला कॅश क्रेडिटसाठी (मालाच्या तारणावरच्या कर्जासाठी) बँकेत दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं त्यानं मात्र थोडा त्रास काढून टॅलीच घ्यावं असं माझं मत. 'बिझी' नावाचं सॉफ्टवेअर पण त्याच जातीचं आहे, 'मार्ग' नावाचं औषध दुकानात आणि वितरकांकडं जास्त दिसतं.

'व्यापार', 'मायबिलबुक' ही मोबाइलवाली ॲपं. काउंटरवर उभ्या उभ्या बिल, लगेच व्हॉट्सॲपवर, खाली यूपीआयचा क्यूआर. उधारीची आठवण आपोआप जाते. किरकोळ विक्री आणि बिलं सोपी असतील तर ह्यात हात पटकन बसतो, आणि एकट्या माणसाला पटकन हात बसणं फार मोठी गोष्ट आहे. वार्षिक वर्गणी असते, कुठल्या प्लॅनमध्ये काय ते नीट वाचा, मोबाइलचा प्लॅन आणि कॉम्प्युटरचा प्लॅन वेगळा असू शकतोय. खातेबुक, ओकेक्रेडिट ही मूळची उधारीची वही, त्यावर जीएसटीचा संसार उभा करू नका.

झोहो बुक्स सेवावाल्यांना छान. ब्राउझरमध्ये चालतं, सीएंना वेगळं लॉगिन देता येतं, दर महिन्याची बिलं आपोआप जातात, बँकेचं स्टेटमेंट आत घेऊन जुळवता येतं. लहान उलाढालीला फुकट प्लॅन पण आहे, त्याची मर्यादा घेतेवेळी त्यांच्या साइटवर बघून घ्या. चेन्नईची कंपनी आहे, जीएसटीचं सगळं आत आहे.

जीएसटी पोर्टलवर डाउनलोड्समध्ये 'अकाउंटिंग अँड बिलिंग सॉफ्टवेअर' अशी जागा आहे, दीड कोटीच्या आतल्यांना फुकट द्यायची ती सोय. सरकारी ठिकाणी आहे म्हणून कुणी उघडून बघत नाही. तीन-चार बी२बी (जीएसटी नंबर असलेल्या पार्टीची) बिलंच असतील तर पोर्टलवरचं मोफत ऑफलाइन टूल आणि एक एक्सेल शीट यावर पण वर्ष निघतं, सॉफ्टवेअर घेतलंच पाहिजे असा कुठं नियम नाही.

क्रॅक टॅलीबद्दल दोन शब्द. "आमच्या ओळखीचा टाकून देतो पाचशे रुपयात" असं म्हणणारा प्रत्येक पेठेत एक असतोच. बेकायदेशीर तर आहेच, पण अपडेट मिळत नाहीत हा रोजचा मार आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, फरसाण, तूप १२ वरून ५ वर आले. त्याआधी मे २०२५ पासून जीएसटीआर-१ मधल्या एचएसएनच्या (मालाच्या सरकारी कोडच्या) तक्त्यात कोड हातानं टाइप करणं बंद झालं आणि बी२बी, बी२सी (नंबर नसलेल्या गिऱ्हाइकाची विक्री) वेगळं द्यावं लागायला लागलं. अशा वेळी जुन्या आवृत्तीवर बसलेला माणूस ऐन शेवटच्या दिवशी धावपळ करतो.

खरी परीक्षा: तुमचीच बिलं

दोन सॉफ्टवेअर निवडा, दोनापेक्षा जास्त नको, डोकं फिरतं. दोन्हीचं फुकट ट्रायल घ्या. मागच्या महिन्यातली वीसेक बिलं घ्या, पण सोपी सोपी निवडू नका, मुद्दाम वाकडी घ्या. माल परत आलेलं एक. ॲडव्हान्स घेऊन मग बिल केलेलं एक. अर्धे पैसे रोख अर्धे यूपीआयनं आलेलं. कर्नाटकातल्या पार्टीचं. पाच टक्के आणि १८ टक्के दोन्ही दर एकाच बिलात असलेलं. दिवाळीला डिस्काउंट दिलेलं. भाडं लावलेलं. वर मार्केट यार्डाची एक पट्टी आणि विजेचं बिल.

ही बसवा रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर. सकाळी डोकं ताजं असताना सगळीच सॉफ्टवेअरं चांगली वाटतात. बघायचं काय तर, एका साध्या बिलाला किती ठिकाणी बोट लावायला लागलं, चुकलेलं बिल दुरुस्त करताना घाम फुटला का, आणि मराठीत पार्टीचं नाव टाकलं तर छापताना चौकोन चौकोन येतात का. बिल नंबर बघा, तो १६ अक्षरांच्या आत आणि वर्षभर सलग पाहिजे, काही ॲपं स्वतःचा लांबलचक नंबर लावतात. दर बदलायच्या आधीच्या १२ टक्क्याच्या बिलाची क्रेडिट नोट करून बघा, ती १२ नंच निघाली पाहिजे, आयटमचा नवा दर ५ आहे म्हणून सॉफ्टवेअरनं ५ लावला तर ते बाद.

मग बाहेर काढायची परीक्षा, आणि मी तर म्हणतो हीच मोठी. जीएसटीआर-१ काढा आणि तुम्ही खरोखर भरलेल्या रिटर्नचा त्या बिलांपुरता आकडा जुळतो का बघा. एका पार्टीचा खातेउतारा काढा, मराठी माणसाला तो वाचून कळला पाहिजे, कारण वसुलीला तोच न्यायचा असतो. रोजमेळ काढा आणि गल्ल्यातली रोकड त्या दिवशी तेवढीच होती का बघा. शेवटी सगळा डेटा, म्हणजे पार्ट्या, आयटम, बिलं, पावत्या, एक्सेलमध्ये निघतो का ते बघा. नुसती पीडीएफ निघत असेल तर डेटा त्यांचा, तुमचा नाही. क्विकबुक्ससारखं जगभर चालणारं सॉफ्टवेअर कंपनीनं २०२३ मध्ये भारतात बंद केलं, तेव्हा ज्यांनी डेटा वेळेत काढून घेतला त्यांचंच निभावलं. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, वर्गणी संपल्यावर जुनी बिलं नुसती बघता तरी येतात का हे कंपनीला लेखी विचारून घ्या, मेल करा, फोनवर सगळेच हो म्हणतात.

सपोर्टची पण परीक्षा ह्याच दिवसांत. २० तारखेच्या आसपास फोन लावा, कारण तेव्हा सगळ्यांचीच रिटर्नची गडबड असते. त्या दिवशी उचलला तर खरं.

पैशाचा हिशोब पाच वर्षांचा करा

पहिल्या वर्षाची ऑफर बघून भुलू नका. वर्षाला ३,६०० म्हटलं तरी पाच वर्षांचे १८,००० झाले, आणि दुसऱ्या वर्षी तोच दर राहील का हे विचारायचं. एकरकमीवाल्यात वार्षिक अपडेटचे पैसे, गावातल्या पार्टनरचे व्हिजिटचे पैसे धरा. त्यात लॅपटॉप घ्यायला लागणार असेल तर तो पण. आणि दुसऱ्या बाजूला टॅक्सवाल्यांच्या फीत किती फरक पडेल ते मांडा. ३बी उशिरा गेलं तर दिवसाला ५० रुपये, निरंक असलं तरी २० रुपये लेट फी आहे, वर टॅक्सवर व्याज. तेव्हा स्वस्त पण उशीर करणारं सॉफ्टवेअर स्वस्त नसतंय. रेग्युलर नोंदणी असेल तर सॉफ्टवेअरवरचा जीएसटी क्रेडिटला मिळतो, बिल धंद्याच्या नावानं आणि जीएसटी नंबर टाकूनच घ्या.

पूर

हे पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. २००५, २०१९, २०२१, तीन वेळा कृष्णेनं सांगलीच्या पेठांत शिरून दाखवलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, इशारा पातळी ४० आणि धोका ४५ असताना. वह्या भिजल्या, कॉम्प्युटर भिजले, आणि कॉम्प्युटरशेजारच्या खणात ठेवलेला बॅकअपचा पेनड्राइव्ह पण भिजला.

क्लाउडवाल्या (इंटरनेटवर, कंपनीकडं डेटा ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये डेटा पाण्याच्या बाहेर असतो हे खरं, पण पुरात लाइट आणि नेट आठवडाभर गेलं तर तो असून हाताशी नसतो. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरचं उलट, लॅपटॉप उचलून विट्याला मेव्हण्याकडं गेलात तर काम चालू, पण उचलायचा राहिला तर सगळं गेलं. म्हणून काहीही घ्या, दोन प्रती पाहिजेतच. कॉम्प्युटरवालं असेल तर रोज रात्री बॅकअप गुगल ड्राइव्हवर आपोआप जाऊ दे आणि एक पेनड्राइव्ह दुसऱ्या भागातल्या नातेवाइकाकडं. क्लाउडवालं असेल तर दर महिन्याला पूर्ण एक्सेल काढून लॅपटॉपवर ठेवा. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, जूनच्या पहिल्या आठवड्यात तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. पासवर्ड विसरला म्हणून न उघडणारे बॅकअप पण भरपूर असतात.

चालू कधी आणि कसं करायचं

१ एप्रिल सगळ्यात बरा. तो हुकला तर तिमाहीचा पहिला दिवस, १ जुलै, १ ऑक्टोबर किंवा १ जानेवारी. तिमाहीच्या मधेच बदललं की रिटर्नचे आकडे दोन ठिकाणी जुळवत बसावं लागतं. वर्षाच्या मधे बदलत असाल तर बिल नंबर नव्यानं १ पासून सुरू करू नका, जुना क्रम पुढं चालवा नाहीतर नव्या अक्षरांची मालिका घ्या, एकाच वर्षात तोच नंबर दोनदा आला की जीएसटीआर-१ अडतं.

आदल्या दिवशी रात्री गोदामातला माल हातानं मोजा. सॉफ्टवेअर किंवा वही काय म्हणते त्याला विचारू नका, पोत्यात काय आहे ते लिहा. बँकेची शिल्लक पासबुकातनं, रोकड गल्ल्यातनं. येणं-देणं पार्टीवार घ्या आणि शक्य तर बिलवार, "मसालेवाले अण्णा ४२,०००" असं एकगठ्ठा टाकलं की कुठल्या बिलाचे किती राहिले हे पुन्हा कधी कळत नाही. बाकीच्या सुरुवातीच्या शिलका, म्हणजे मशीन, कर्ज, भांडवल, ह्या टॅक्सवाल्यांकडच्या ताळेबंदातनं घ्या, अंदाजानं नको.

आयटम कमी ठेवा. हळद २५० ग्रॅम, हळद पाव किलो, हळद २५० असे तीन आयटम एकाच मालाचे झालेत असं जवळजवळ प्रत्येक दुकानात दिसतं. पाच कोटींच्या आत असाल तर बी२बी बिलावर एचएसएन चार आकडी चालतो. तो एकदाच टॅक्सवाल्यांकडून तपासून घ्या, डेमोवाल्याकडून नको. घरखर्चासाठी 'उचल' असं वेगळं खातं पहिल्या दिवशीच उघडा, एकट्याच्या धंद्यात घरचं पेट्रोल आणि दुकानाचं पेट्रोल एकाच यूपीआयवरनं जातं आणि नफा कुठं गेला ते सापडत नाही. जमलं तर धंद्याचं करंट अकाउंट आणि क्यूआर वेगळाच करा, सॉफ्टवेअरचं निम्मं काम तिथंच हलकं होतं.

पहिली तिमाही जुनी वही बंद करू नका, पण रोजचं सगळं दोन्हीकडं लिहायची पण गरज नाही. वहीत फक्त रोजची विक्रीची बेरीज, आलेली रोकड आणि आलेलं यूपीआय, तीन आकडे. दर रविवारी ते तीन सॉफ्टवेअरशी ताडून बघायचे, फरक आला तर त्याच आठवड्यातलं बिल शोधायचं, महिना उलटल्यावर सापडत नाही. तिमाही संपली की १३ तारखेची वाट न बघता ५ तारखेलाच जीएसटीआर-१ काढून टॅक्सवाल्यांना पाठवा आणि त्यांचा आकडा तुमच्याशी जुळला की मग ट्रायलचं रूपांतर पूर्ण लायसनमध्ये करा. ट्रायल तेवढी लांब चालत नसेल तर आधी महिन्याच्या भाड्यानं घ्या, एकदम तीन वर्षांचे पैसे भरू नका, डेमोवाला कितीही "आज शेवटचा दिवस आहे दादा" म्हणाला तरी.